आमच्या बाल्कनीतल्या लाइफलाइक बायका

इंग्रजीने माझं पोट भरलं आहे, त्यामुळे तिच्याविषयी वाईट बोलणं मला शोभत नाही. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी सेक्शन ऑफिसर आहे. टिपण्या लिहिणे आणि दुसऱ्यांच्या टिपण्यांमधली विशेषणं खोडणे हे माझं काम. ‘व्हेरी अर्जंट’मधलं ‘व्हेरी’ काढून टाकणारा माणूस म्हणून आमच्या मजल्यावर माझं थोडंफार नावही आहे. तेव्हा एका साध्या विशेषणाने माझा घात करावा, तोही नोएडात, माझ्या स्वतःच्या बाल्कनीत, हे मला अजून पचलेलं नाही. ते विशेषण म्हणजे ‘लाइफलाइक’.

आमच्याकडे उभ्या गौरी असतात. दोन पितळी मुखवटे, आणि त्यांना साड्या नेसवून उभं करायला दोन लोखंडी सांगाडे. नाशिकला आई हे सगळं एकटीने करायची. पण गेल्या हिवाळ्यात ती जिन्यात पडली, आणि ती पडल्याचं आम्हाला तिचं प्लास्टर निघाल्यावर समजलं. तेही तिने नाही, तिच्या भाजीवाल्याने सांगितलं. तेव्हापासून माझी बायको हेमलता तिच्या मागे लागली होती की आता नोएडाला या, गौरींनाही घेऊन या. शेवटी या श्रावणात आई आली. विमानात तिने मुखवटे मांडीवर ठेवले होते. सांगाडे अर्थातच नाशिकला राहिले.

आल्या आल्या, चहासुद्धा व्हायच्या आत, तिने अट सांगून टाकली.

“यंदा इथे करून बघू. गौरी मनासारख्या उभ्या राहिल्या तर मुखवटे इथेच ठेवू, मग मीही राहीन. नाही वाटलं तर दोघींना घेऊन मी आपली परत.”

एवढं बोलून ती गप्प झाली आणि जवळजवळ गप्पच राहिली. हो, नको, चालेल, या तीन शब्दांत तिचा दिवस जायचा. हेमलता ऑफिसला, मी ऑफिसला, मुलगी मैत्रेयी कॉलेजला. संध्याकाळी आम्ही विचारायचो, “आई, कंटाळा नाही ना आला?” ती म्हणायची, “नाही.” अकराव्या मजल्यावरून ती खालच्या गाड्या बघत बसे आणि आम्हाला वाटे, हिचं मन नाशिकलाच आहे. हेमलता मला स्वयंपाकघरात ओढून दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, गौरी चांगल्याच झाल्या पाहिजेत. नाशिकला दुसरा मजला, लिफ्ट नाही, शेजारी कोणी नाही. मी त्यांना तिथे परत पाठवणार नाही.” गौरी उभ्या करायच्या म्हणजे आईला थांबवायचं, हे असं माझ्या अंगावर येऊन पडलं.

मैत्रेयीचा जन्म दिल्लीतला. तिला कुठल्या मराठी शब्दापाशी अडायला होईल हे आधी सांगता येत नाही.

“सांगाडा म्हणजे स्केलेटन ना?” तिने विचारलं. “आजी स्केलेटनला साडी नेसवते? यार बाबा, हे किती डार्क आहे.”

मी तिला समजावलं. तिने फोनवर दोन मिनिटं अंगठा फिरवला आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. “मॅनेक्विन घे ना. कपड्यांच्या दुकानात असतात ते. हे बघ, लाइफलाइक लिहिलंय.”

इथे मी फोन तिच्या हातात परत द्यायला हवा होता. त्याऐवजी मी तिला शब्द शिकवायला बसलो. “लाइफलाइक म्हणजे हुबेहूब, जिवंत वाटावं असं. पण वापर नीट लक्षात ठेव. चित्र, पुतळा, बाहुली, यांनाच लाइफलाइक म्हणायचं. जिवंत माणसाला म्हणत नाहीत. ‘तुझी आई आज लाइफलाइक दिसते आहे’ हे वाक्य चूक.”

“कोण काय दिसतंय?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“काही नाही, ग्रामर चाललंय,” मैत्रेयी म्हणाली.

आता या शहरात तुम्ही एखादी गोष्ट शोधताय ही बातमी लिफ्टमध्ये एकदा फुटली की संपलंच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नीरज भटनागर यांनी मला पाचव्या आणि अकराव्या मजल्यांच्या दरम्यान पीव्हीसी पाइपचा ढाचा कसा करावा हे सांगितलं. त्यांच्या मेव्हण्याचा पाइपचा व्यवसाय आहे. आठव्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की करनालच्या बाजूला मातीच्या मूर्ती फार सुंदर होतात, मात्र त्या सरस्वतीच्या असतात, वीणा आपण काढून घ्यायची. कोणीतरी असंही सुचवलं, “इवेंट वालों से दो लड़कियाँ ले लीजिए, तीन दिन खड़ी रहेंगी, बिल्कुल नैचुरल लगेगा.” मी सगळ्यांचे आभार मानले. सरकारी माणूस सल्ला नाकारत नाही, तो नोंद घेतो.

शनिवारी मी पश्चिम दिल्लीतल्या एका गल्लीत पुतळ्यांच्या गोदामात गेलो. आत शिरताना एका बाईला माझा धक्का लागला आणि मी “माफ़ कीजिए” म्हणालो. ती फायबरची होती. दुकानाचे मालक हरीशजी हे बघत होते आणि माझ्या मते सौदा तिथेच त्यांच्या बाजूने झुकला.

मी म्हणालो, “मला बिनडोक्याचे, म्हणजे, बिना सिर वाले चाहिए.”

“सर,” हरीशजी दुखावल्या स्वरात म्हणाले, “बिना सिर वाला तो सूट की दुकान का माल है. आप पूजा के लिए ले रहे हैं. भगवान के काम में आदमी लाइफ़लाइक लेता है. पलकें देखिए. असली बाल हैं, एक-एक हाथ से लगा है.”

मी पापण्या बघितल्या. खरंच एकेक लावलेली होती. डोळ्यांत ओल असावी अशी चकाकी होती, मनगटावर शीर होती, गळ्याच्या खाली अगदी पुसट तीळसुद्धा होता. एवढा तपशील मी आमच्या मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात पाहिलेला नाही. डोकं असल्याने काय बिघडतं, असा मी विचार केला. मुखवटा म्हणजे चेहऱ्यावर घालायची वस्तू, आणि चेहरा असल्याशिवाय तो घालणार कशावर? हा तर्क मला त्या वेळी बिनतोड वाटला. बिनतोड तर्काने झालेली नुकसानं मी ऑफिसात रोज फाइलवर बघतो, तरीही.

पुतळ्या गाडीत वाकेनात. कमरेत सांधाच नव्हता. शेवटी ‘छोटा हाथी’ म्हणतात तो उघडा टेम्पो केला. टेम्पोवाल्याने दोघींना उभं करून दोरीने बांधलं आणि मला मध्ये उभं केलं, “आप पकड़े रहिए, ब्रेक लगेगा तो गिर जाएँगी.” हरीशजींनी त्यांना गुंडाळलेलं प्लास्टिक यमुनेच्या पुलापर्यंत टिकलं. पुढच्या सिग्नलवर, दोन्ही हात दोन बायकांच्या कमरेभोवती, अशा अवस्थेत मी उभा असताना शेजारी पांढरी सरकारी गाडी येऊन थांबली. मागच्या काचेत आमचे जॉइंट सेक्रेटरी होते. हात मोकळे नसल्यामुळे मी फक्त मान लववली. साहेबांनीही लववली. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं फार हळुवारपणे विचारलं, आणि मला हवी असल्यास रजा मिळेल असंही सांगितलं.

सोसायटीच्या गेटवर गार्डने नियमाप्रमाणे अडवलं. तो हायवेकडून येणाऱ्या उन्हात डोळे बारीक करून बघत होता आणि त्याच्या हातातल्या फोनच्या ॲपमध्ये प्रत्येक पाहुण्याचं नाव भरल्याशिवाय फाटक उघडत नाही.

“ग्यारह सौ चार. मैडम लोग का नाम?”

मी घामाघूम झालो होतो, पाठ भरून आली होती. “ज्येष्ठा और कनिष्ठा,” मी म्हणालो. त्याने दोन्ही नावं मन लावून टाइप केली. हे मी चिडून बोललो, गंमत म्हणून नाही, आणि याचा पुढे मला फार ताप झाला.

दार हेमलताने उघडलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दोन्ही बाजूंना.

“या कोण?”

“गौरी.”

“कमरेवर हात ठेवून?”

ही बाब गोदामात माझ्या नजरेतून निसटली होती. दोघींचा एक हात कमरेवर, एक पाय पुढे, हनुवटी वर, आणि ओठांवर समोरच्याला तुच्छ लेखणारं हसू. पाच फूट दहा इंच उंची. त्या अंगावर काही नसताना हॉलमध्ये उभ्या आहेत हे लक्षात येताच हेमलताने आपले दोन सुती गाऊन आणून त्यांना घातले, मगच आईला बाहेर बोलावलं. आईने दोघींना वरून खाली न्याहाळलं.

“चालेल,” ती म्हणाली.

गौरींना अजून आठवडाभर अवकाश होता. हॉलमध्ये गणपतीची आरास सुरू व्हायची होती, म्हणून मी दोघींना बाल्कनीत उभं केलं. अकराव्या मजल्यावर कोण बघतंय?

तर समोरचा सगळा बी-टॉवर बघत होता.

आधी भटनागर आले. सोफ्याच्या कडेवर बसले. “विनायकजी, बुरा मत मानिएगा. ॲप में दिखा रहा है कि आपके यहाँ दो लेडीज़ आईं और बाहर नहीं गईं. गेस्ट हैं तो कोई बात नहीं. मेड रखी है तो पुलिस वेरिफ़िकेशन कराना पड़ेगा, आधार की कॉपी दे दीजिए.”

मी म्हणालो, आत या, दाखवतो. ते म्हणाले, लेडीज़ आहेत, मी कसा आत येऊ, आपण लेखी दिलं तरी पुरे. लेखी हा शब्द ऐकला की माझ्यातला सेक्शन ऑफिसर जागा होतो. मी तिथल्या तिथे इंग्रजीत चार ओळी खरडल्या, ज्यांचा मथितार्थ असा की संदर्भित दोन महिला या लाइफलाइक असून त्यांना पडताळणी लागू होत नाही. भटनागरांनी कागद दोनदा वाचला.

“लाइफ़लाइक, मतलब ज़िंदा तो हैं न?”

“नाही. म्हणजे, नहीं. ज़िंदा नहीं हैं, इसीलिए तो लाइफ़लाइक हैं.”

हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं. भटनागर मात्र उठले, चहा न पिता उठले, आणि जाताना त्यांनी दार स्वतःच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तो हॉलमध्ये एक हवालदार, एक महिला कॉन्स्टेबल, दाराशी भटनागर आणि त्यांच्या मागे एक अनोळखी तरुण बाई. ही समोरच्या बी-टॉवरमधली क्षिप्रा. घरून लॅपटॉपवर काम करते, आणि तिच्या टेबलाची खिडकी नेमकी आमच्या बाल्कनीसमोर. तिनेच हेल्पलाइनला फोन केला होता. तक्रार अशी की ग्यारह सौ चारमध्ये दोन मुलींना दिवसभर बाल्कनीत उभं ठेवतात, बसूही देत नाहीत, ऊन असो की पाऊस, आणि एक म्हातारी अम्मा दुपारभर खुर्ची टाकून त्यांना रागावत असते.

“कोण रागावतं?” हेमलताने मला मराठीत विचारलं. “आई?”

महिला कॉन्स्टेबल बाल्कनीत गेली. तिने एकीच्या खांद्यावर हात ठेवून “बेटा” म्हटलं, आणि मग काही वेळ ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हवालदारही बाल्कनीत जाऊन पापण्या बघून आला. “क्या चीज़ बनाई है,” तो मला म्हणाला. मला इतक्या दिवसांत मिळालेली ही एकमेव दाद.

क्षिप्राचा चेहरा लालबुंद झाला होता. “सॉरी अंकल. पर सच में, आंटीजी इनसे बात करती हैं. रोज़. लंच के बाद से शाम तक. मैं देखती हूँ न.”

सगळे आईकडे बघायला लागले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“अम्माजी,” महिला कॉन्स्टेबलने मऊ आवाजात विचारलं, “क्या बातें करती हैं आप इनसे?”

आईचं हिंदी नाशिकच्या बाजारापुरतं. तरी तिने प्रयत्न केला. “सबका. भाजी का. मेरे घुटने का. नाशिक में हमारे बिल्डिंग में कौन-कौन था, वो. ये अच्छी है. बीच में बोलती नहीं, घड़ी नहीं देखती.”

मला एकदम फार वाईट वाटलं. आम्ही तिला रोज विचारत होतो कंटाळा नाही ना आला, आणि नाही म्हणाली की सुटल्यासारखे आपापल्या खोलीत जात होतो. तिच्याकडे दुपारभर पुरेल इतकं बोलायला होतं. ते ती माझ्या दोन फायबरच्या बायकांना सांगत होती, माझ्याच घरात. मैत्रेयीने जाऊन तिच्या खुर्चीच्या हातावर बसकण मारली आणि म्हणाली, “आजी, मला पण सांग ना भाजीचं.” आई म्हणाली, “तुला कळणार नाही त्यातले निम्मे शब्द.” मैत्रेयी म्हणाली, “मग ते पण सांग.”

भटनागरांनी जाताना माझा लेखी खुलासा परत दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी क्षिप्रा घरी आली म्हणे, लॅपटॉप घेऊन, आणि आईला म्हणाली की मी इथे बसून काम करू का, मीही मध्ये बोलणार नाही. तिची आई बिलासपूरला असते. आई मराठीत बोलत होती, ती हिंदीत हुंकार देत होती, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं असा दोघींचाही दावा आहे.

पण गौरींचा प्रश्न तसाच होता, आणि आवाहन जवळ आलं होतं. आम्ही रंगीत तालीम घेतली. मुखवटा चेहऱ्यावर चढेना. फायबरचं नाक इतकं टोकदार की ते आतल्या बाजूने पितळेला टेकायचं आणि मुखवटा गालावर कलायचा. मी नाकावर कानस चालवून बघितली. मग नाक नसलेली बाई समोर हसत उभी राहिली, ते आणखी वाईट.

“डोकं काढावं लागेल,” आई म्हणाली. ‘चालेल’पेक्षा लांब असं हे पुतळ्यांबद्दल तिने आम्हाला ऐकवलेलं पहिलं वाक्य. हेमलताने माझ्याकडे अर्थपूर्ण बघितलं.

खालच्या पार्किंगमध्ये सोसायटीचा सुतार शंकर असतो. त्याने करवतीने दोन्ही डोकी उतरवली. खाली गाड्या धुणाऱ्यांनी व्हिडिओ काढले. डोकी पिशवीत घालून मी लिफ्टने वर येत होतो तर क्षिप्रा भेटली. तिने पिशवीत डोकावलं. “इनको तो मैं रोज़ देखती थी,” ती म्हणाली आणि थोडी उदास झाली.

मग हात. साडी नेसवताना कमरेवरचं कोपर मध्ये यायचं. पदर त्यावर अडून असा फुगायचा की गौर कोणाशी तरी भांडायला निघाली आहे असं वाटावं. आई म्हणाली, “हात काढ रे विनू.” हातांना खांद्यात पेच होते, ते मी स्वतः फिरवून काढले आणि या सगळ्या प्रकरणात मला स्वतःच्या हाताने जमलेली ही एक गोष्ट. शीर असलेली मनगटं, रंगवलेली नखं, सगळं सोफ्यावर ओळीने ठेवलं. त्यावर भटनागर येऊन बसता बसता वाचले.

आता मुखवटा मानेवर नीट बसला. साडी नेसवून झाली. हेमलता मागे सरून बघू लागली. बरं दिसत होतं, असं मला तरी वाटलं. आई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. ती चार फूट दहा इंच. तिने हात वर केला, टाचा उचलल्या, आणि तिचं बोट गौरीच्या हनुवटीपर्यंत पोचलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग हात खाली घेतला.

“स्टूल देऊ का, आजी?” मैत्रेयीने विचारलं.

“स्टुलावर चढून कोणाच्या घरच्या माणसाला कुंकू लावतात?” आई म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने करंडा टेबलावर ठेवला आणि आत जाऊन पलंगावर पडली. आतून तिच्या बॅगेच्या चेनचा आवाज आला. हेमलताने ओठ घट्ट मिटले. मी तेवढ्यात शंकरला फोन लावला.

शंकरने दोघींना गुडघ्याच्या खाली कापलं. मापासाठी मी आईलाच खाली पार्किंगमध्ये घेऊन गेलो. ती गाड्यांच्या मधोमध उभी राहिली, म्हणाली, “माझ्या कपाळाला तिचं कपाळ आलं पाहिजे,” आणि शंकरने तिच्या खांद्यावर पट्टी धरून खूण केली. एक जरा जास्तच कापली गेली. आई म्हणाली, “असू दे. धाकटी आहे ती.”

वर आणल्यावर मी हिशेब मांडला. डोकं गेलं, पापण्या गेल्या, नाक गेलं, हात गेले, पाय गेले. उरलं ते एक धड, ज्यावर साडी नेसवता येते आणि वर मुखवटा बसतो. म्हणजे नाशिकचा सांगाडाच, फक्त फायबरचा. लाइफलाइक म्हणून आणलेल्या वस्तूतलं लाइफलाइक ते सगळं आम्ही वेचून वेचून काढून टाकलं होतं. मैत्रेयीला हे मी समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, “बाबा, बिल्कुल नको. आत्ता ग्रामर नको.”

आवाहनाच्या दिवशी हेमलताने दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढली. मुखवटे ताटात घेऊन ती उंबऱ्याशी उभी राहिली. विचारणारं कोणी हवं होतं. मैत्रेयीला शब्द पाठ नव्हते, म्हणून आईच पुढे आली. “कोण आली?” हेमलता म्हणाली, “गौर आली.” “कशाच्या पावलांनी आली?” “सोन्यामोत्यांच्या पावलांनी आली.” दारात क्षिप्रा, तिच्यामागे भटनागर आणि त्यांची पत्नी, त्यांच्यामागे आठव्या मजल्यावरचे वीणावाले. तो गेटवरचा गार्डसुद्धा आला होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की ज्येष्ठा आणि कनिष्ठा खरंच आल्या.

मुखवटे बसवले. लांबट मोठे डोळे, बाहुल्या नसलेले. सरळ नाक. पितळेला माणसाचा रंग नाही, कुठे तीळ नाही, असं दिसणारी बाई पृथ्वीतलावर कुठे सापडणार नाही. एखाद्या टिपणीत कोणी यांना लाइफलाइक म्हटलं असतं तर मी तो शब्द लाल शाईने खोडला असता. आईने समोर उभं राहून, पाय जमिनीवर टेकलेले ठेवून, थोरलीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग तळहाताने तिचा गाल पुसला, प्रवासातून आलेल्या माणसाचा पुसावा तसा. धाकटीसाठी ती किंचित वाकली.

“दमलात ना,” ती त्यांना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माझ्याही. भटनागर हात जोडून उभे होते. हळूच मला म्हणाले, “विनायकजी, ये तो बिल्कुल ज़िंदा लग रही हैं.” मी मान हलवली. शब्दाच्या वापराबद्दल काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, सोळा भाज्या झाल्या. बी-टॉवरच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. आई सगळ्यांशी बोलत होती, क्षिप्रा तिच्या हिंदीचं हिंदीत भाषांतर करत होती. तरीही आम्ही दोघं धास्तावलेलो होतो, कारण अटीबद्दल आईने चकार शब्द काढला नव्हता. हेमलता पोळी लाटता लाटता मला पुन्हा पुन्हा विचारायची, “काही म्हणाल्या का?” मी म्हणायचो, “नाही.”

तिसऱ्या दिवशी निरोप. दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता टाकल्या, दोघींना किंचित हलवलं. आईने मुखवटे उतरवून पुसले आणि आपल्या एका जुन्या, मऊ झालेल्या लुगड्यात एकेक करून गुंडाळले. मग म्हणाली,

“विनू, माझी ती मोठी बॅग काढ.”

हेमलताच्या हातात निरांजन होतं. तिने ते खाली ठेवलं. मी पलंगाखालची बॅग ओढून आणली. आईने बॅग उघडली आणि आतल्या साड्या एकेक काढून पलंगावर रचायला सुरुवात केली. महिन्याभरापूर्वी आलेली बाई, पण तिने एकही साडी कपाटात लावली नव्हती, हे आम्हाला तेव्हा दिसलं. पोलकी, शाल, औषधांचा डबा, कानटोपी, सगळं बाहेर आलं. बॅग रिकामी झाल्यावर तिने तळाशी उशी अंथरली, तीवर दोन्ही मुखवटे ठेवले, भोवती कापूस दाबून भरला आणि चेन लावली.

“ठेव माळ्यावर. वर्षभर कोणी हात लावायचा नाही.”

मी बॅग उचलली. हेमलता म्हणाली, “पण आई, बॅग तर… मग तुम्ही जाताना कपडे कशात नेणार?”

“मी कुठे जातेय?” आई म्हणाली. “आणि हे कपडे असे पलंगावर किती दिवस ठेवायचे? मला एक कप्पा दे.”

हेमलताने कप्पा रिकामा केला नाही. तिने आपलं अख्खं कपाट दोन्ही हातांनी जमिनीवर ओतलं, आणि त्या ढिगात बसून एकाच वेळी रडायला आणि घड्या घालायला लागली. मी माळ्याच्या शिडीवर बॅग छातीशी धरून तिच्याकडे बघत उभा होतो.

“अहो, बघताय काय,” ती म्हणाली, “खाली उतरा आणि हँगर द्या.”